दुसरा मोजा

तिसरा प्लगही काळाच निघाला.

सिक्स्टननं तो शेडच्या खिडकीशी उजेडात धरला, टोकावरची काजळी अंगठ्यानं पुसली आणि बाकावर आधीच्या दोन प्लगांशेजारी ठेवला. "पेट्रोल जास्त जातंय," तो म्हणाला. "कार्बोरेटर परत खोलू."

"सकाळपासून दोनदा खोललायस, बाबा," इल्वा म्हणाली.

"मग तिसऱ्यांदा. आणि सारखं घड्याळ बघू नकोस."

घड्याळ तोही बघत होता. साडेदहा झाले होते. अकरा वाजता गावातल्या सगळ्या मोटरसायकली चर्चपासून निघून तळ्याकाठच्या कॅफेपर्यंत जाणार होत्या. एक मेची ही फेरी सिक्स्टननं बेचाळीस वर्षांत चुकवली नव्हती. शेजारचा हाल्वर मघाशीच फाटकाशी गाडी थांबवून विचारून गेला होता, "नाहीच जमलं तर माझ्या साइडकारमध्ये बस. कुत्र्याला उतरवतो."

"तुझ्या साइडकारमध्ये बसण्यापेक्षा कुत्र्याबरोबर चालत येईन," सिक्स्टननं आतूनच उत्तर दिलं होतं.

त्यानं आणखी एक प्लग बसवून पुन्हा किक मारली. इंजिन सुरू झालं, जागच्या जागी बरं चाललं. रेस दिली तसं खोकलं, अडखळलं, सायलेन्सरमधून काळा धूर सोडून बंद पडलं. त्यानं टाकीवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

इल्वाला गप्प बसवेना. फेब्रुवारीत तो बाजारात नेलेली मोटार तिथेच विसरून बसनं घरी आला होता. त्यावरून घरात बोलणं निघालं तेव्हा त्यानंच सांगून टाकलं होतं, "ज्या वर्षी या मोटरसायकलचा दोष मला सापडणार नाही, त्या वर्षी मी तिच्यावर बसणं सोडेन. तोवर कुणी काही बोलायचं नाही." त्यानंतर कुणी बोललं नव्हतं. आई आत्ताही स्वयंपाकघराच्या खिडकीत नुसती उभी होती.

"काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, नाहीतर हवा कमी," इल्वा म्हणाली. "तूच शिकवलंस. हवेची बाजू बघितलीस का? मोजा काढलास ना?"

दर ऑक्टोबरात गाडी शेडमध्ये ठेवताना तो हवेच्या नळीत लोकरीचा एक मोजा कोंबायचा, उंदरांनी आत घर करू नये म्हणून. जोडीतला दुसरा हँडलवर टांगायचा. हँडलवर मोजा आहे तोवर नळीतही आहे. वसंतात दोन्ही एकदम निघायचे.

"हँडलवर दिसतोय का तुला?"

"नाही."

"मग." त्यानं हात पुसले. "कार्बोरेटरच्या जेटमध्ये, त्या बारीक भोकात, कचरा असणार. तुझ्या आईच्या डब्यातून बारीक सुई आणतो."

तो लाकडी चपला वाजवत अंगणातून गेला. इल्वा त्याच्या पायांकडे बघत राहिली. एका पायात निळा मोजा. दुसऱ्यात करडा, वर लाल पट्टी. सकाळी ती त्यावरून हसली होती.

तिनं सीट उचलली. हवेच्या नळीत दोन बोटं घातली. बोटांना लोकर लागली.

मोजा ओढून काढला तेव्हा त्याला पेट्रोलचा आणि जुन्या हिवाळ्याचा वास येत होता. करडा, लाल पट्टीचा. तिनं तो जॅकेटच्या खिशात कोंबला, सीट बसवली, आतला प्लग काढून घासून पुसला आणि परत घट्ट केला. चपलांचा आवाज जवळ आला तेव्हा ती बाकाशी उभी होती आणि हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

त्याच्या हातात कॉफीचे दोन मग होते. सुई नव्हती.

"उघडण्याआधी एकदा चालू करून बघ," ती म्हणाली.

पहिल्याच किकला इंजिन सुरू झालं. त्यानं रेस दिली. आवाज सरळ चढला, सरळ उतरला. धूर नाही. पुन्हा दिली, पुन्हा तसंच. तो आता हसेल म्हणून इल्वा वाट बघत होती.

त्यानं गाडी बंद केली.

"मी कशालाच हात लावलेला नाही," तो म्हणाला. "मग नीट कशी झाली?"

"प्लग पुसला मी."

"पुसल्यानं एवढं होत नाही. हिला हवा मिळाली." त्यानं रिकाम्या हँडलकडे बघितलं. मग हळूहळू खाली, स्वतःच्या पायांकडे.

"दे," तो म्हणाला.

तिनं खिशातून काढून दिला. त्यानं सीट उचलली आणि मोजा नळीत नीट, घाई न करता सारला, ऑक्टोबरात सारायचा तसा. मग बाकावर बसून एक चप्पल सोडली, पायातला करडा मोजा काढला आणि हँडलवर टांगला. लाल पट्टीवरची सुरकुती बोटानं सरळ केली.

"बाबा, दोष तर तूच शोधलास," इल्वा म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "शोधला."

फाटकाशी हॉर्न वाजला. "ऐकली मी," हाल्वर ओरडला. "घड्याळासारखी चालतेय की. काढ बाहेर."

सिक्स्टन दारात गेला. एका पायात मोजा, दुसरा पाय चपलेत उघडा.

"गाडी उत्तम आहे," तो म्हणाला. "कुत्र्याला उतरव."