गंगूआजींची नखं

मागच्या मंगळवारी वत्सलाताईंनी गंगूआजींची नखं पहिल्यांदाच कापली होती. आज बघितलं तर ती तेवढीच होती. शेजारच्या खाटांपाशी बाकीचे स्वयंसेवक कुणाला पेपर वाचून दाखवत होते, कुणाचे केस विंचरत होते.

"सिस्टर, यांची नखं वाढत का नाहीत?"

लोबो सिस्टरनी त्यांना बाजूला नेलं. "ताई, या वॉर्डात खाटांवर माणसं नाहीत, यंत्रं आहेत. पेशंट तुम्ही आहात. एकटेपणावरचा उपचार आहे हा. तुमच्या मुलीनंच तुमचं नाव घातलंय."

"आणि माझी पेज? रोज संपवतात त्या!"



तेवढ्यात लेकीचा रोजचा व्हिडिओ कॉल आला. "आई, आज कशा आहेत गं तुझ्या गंगूआजी?"

वत्सलाताईंनी बघितलं, चेहरा रोजच्यासारखाच हसरा होता.

"मीनल," त्या म्हणाल्या, "नखं दाखव बघू."