पाण्याचा खर्च शून्य

दत्तात्रयरावांनी कूलरच्या पत्र्यावर बोटाने दोनदा टकटक केली आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. टकटक म्हणजे टाकी संपत आली, पाणी आण. बायकोला हाक मारायचेही कष्ट नाहीत. घरात सगळं कसं ठरलेलं.

स्वयंपाकघरात वैजयंतीबाईंनी टकटक ऐकली. कमरेचा पट्टा आवळला आणि ओट्याला टेकून उभ्याच राहिल्या.

हॉलमध्ये समोरच्या फ्लॅटमधलं नवं जोडपं बसलं होतं, तुषार आणि केतकी. एसी घ्यावा की कूलर, ते विचारायला आले होते. भोपाळच्या अरेरा कॉलोनीतल्या त्या बिल्डिंगमध्ये दत्तात्रयरावांना विचारल्याशिवाय कोणी मिक्सरसुद्धा घेत नसे. सरकारी कारखान्यात कुठलं यंत्र किती वीज खातं हे बघण्यात हयात गेलेला माणूस. वस्तू दुकानात स्वस्त की महाग ते सोडा, घरात आल्यावर ती काय खाते ते बघा, हे त्यांचं वाक्य बिल्डिंगमधल्या पोराटोरांनाही पाठ होतं.

आज तर ते रंगातच आले होते. एसी म्हणजे हत्ती. दारात बांधणं सोपं, पोसणं कठीण. वीज आली, गॅस भरणं आलं, उन्हाळा लागायच्या आत मेकॅनिकच्या मिनतवाऱ्या आल्या. आणि कूलर? बिचारा पंख्याएवढ्या विजेवर चालतो. वर्षातून एकदा गवत बदललं की झालं.

"आणि पाण्याचा खर्च शून्य," ते म्हणाले. "नळाचं पाणी. त्याला काय पडतं?"

तुषार मान डोलावत होता. तो एमपी नगरच्या कोचिंगमध्ये शिकवायचा. कूलरच घ्यायचा हे त्याचं आधीच ठरलं होतं, बायकोला सांगायला फक्त एक मोठा माणूस हवा होता.

पाण्याचा खर्च शून्य. वैजयंतीबाईंच्या मस्तकात काहीतरी तडकलं. मे महिन्यातली भोपाळची दुपार. बाथरूम घराच्या या टोकाला, कूलर त्या टोकाच्या खिडकीत, मध्ये भरलेली बादली आणि त्या. नळापासून पाइप ओढायचाही हिशेब मागे झाला होता. फरशी फोडावी लागेल, परवडत नाही, असा निकाल लागला. मग परवाच डॉक्टरांनी बजावलं की वजन उचललंत तर अंथरूण धराल. हे त्यांनी घरी येऊन सांगितलं, तेव्हा दत्तात्रयरावांनी अगदी मनापासून विचार केला होता. डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून. आणि म्हणाले होते, "मग अर्धी बादली भर. फेऱ्या वाढव."

पुन्हा टकटक. या वेळी जोरात.

पंप कोरडा घरघरू लागला. गवत सुकलं तशी बाहेरची लू थेट आत येऊन पाहुण्यांच्या तोंडावर बसू लागली. केतकीने ओढणीने गळा पुसला.

वैजयंतीबाई बाहेर आल्या. हातात बादली होती. ती त्यांनी नवऱ्याच्या पायांशी ठेवली आणि केतकीशेजारी जाऊन बसल्या.

दत्तात्रयरावांनी बादलीत डोकावून पाहिलं. "रिकामी आहे ही."

"हो. भरायचीय."

ते हसले. लोकांसमोर हसावंच लागतं. दुपारी डोळा लागला नाही की काकूंचं असं होतं, असं त्यांनी तुषारला सांगितलं. तुषारही हसला. वैजयंतीबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या केतकीकडे वळल्या.

"घे हो कूलर. हवा छान देतो. फक्त पाणी कोण भरणार ते याला आधी विचार. आत्ता विचार, माझ्यासमोर."

केतकीने नवऱ्याकडे पाहिलं. "बोल."

"मतलब... दोघं मिळून भरू ना. मॅनेज हो जाएगा."

"कोण करणार मॅनेज?"

तुषारला एकदम मनगटावरचं घड्याळ नीट करावंसं वाटलं.

दत्तात्रयरावांचा आवाज चढला. घरातल्या गोष्टी घरात, लोकांपुढे हा तमाशा कशाला, असं बरंच काही ते बोलले. वैजयंतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "अहो, विजेचा हिशेब लावलात, गवताचा लावलात. त्या मेकॅनिकच्या मिनतवाऱ्याही सोडल्या नाहीत. मला कशात धरलंत?"

पंप नुसता घरघरत राहिला.

वैजयंतीबाईंचे हात बादलीकडे जाऊ पाहत होते, जन्माची सवय. त्यांनी ते पदरात गुंडाळून मांडीवर दाबून धरले. दत्तात्रयरावांच्या टकलावरून घाम कानामागे उतरला. कूलरच्या बटणाकडे त्यांची नजर दोनदा गेली, पण ज्याचे इतका वेळ गोडवे गायले तो बंद कुठल्या तोंडाने करणार? शेवटी ते उठले. बादली उचलली आणि बाथरूममध्ये गेले. नळ सुटल्याचा आवाज आला.

बराच वेळ नुसता नळच वाजत होता. वैजयंतीबाईंनी एक हात सोडवून, पुढे वाकून कूलरच्या पत्र्यावर दोनदा टकटक केली.

नळ बंद झाला. बादली फरशीवर घासली, थांबली, पुन्हा घासली.

"अगं, भलतीच जड झालीय ही," आतून आवाज आला. "पाठीत भरतंय माझ्या."

वैजयंतीबाईंनी मानही वळवली नाही.

"अर्धी भरा," त्या म्हणाल्या. "फेऱ्या वाढवा."