वहीवरचा अंगठा

वर्गात शिकलेलं रोज घरी कुणाला तरी शिकवायचं आणि वहीवर त्याची सही आणायची, एवढाच गृहपाठ मी तिसरीला आठवडाभर दिला होता. सोमवारी ज्वारीचे दाणे मोजून दशक केले, मंगळवारी वितीनं ओटा मोजला, बुधवारी बेंबळी गावाचा नकाशा काढला, गुरुवारी घड्याळ शिकवलं. वैष्णवीच्या वहीवर रोज तिच्या आईचा अंगठा असायचा.

शुक्रवारी वैष्णवी आली नाही. शाळा सुटायच्या आधी तिची आईच वर्गाच्या दारात आली, शेरडं फाटकाबाहेर ठेवून.

"पोरीला ताप हाय, मॅडम. आज काय शिकवलं?"

"ती बरी झाली की शिकवते तिला."

"तिला तवा शिकवा." तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं निरखून बघितलं. "मला आता सांगा. पाच वाजायला अजून धा मिनिटं हायती."