निवांत खोली

"एकोणिसाव्या शतकातल्या या लेखिकांनी इंग्रजी कादंबरीला केवढं दिलं! तेही बैठकीच्या कोपऱ्यात, पोरांच्या कलकलाटात बसून. एक निवांत खोली मिळाली असती तर काय केलं असतं, विचार करा!" इंग्रजीच्या बाई दरवर्षी वर्गात तावातावाने सांगायच्या. घरी जेवणाच्या टेबलावर त्या स्वतःची कादंबरी लिहायला बसल्या, की कुणी ना कुणी हाक मारायचंच. मग बाई खेकसायच्या, "अरे, जरा लिहू द्याल का मला?"

आता बाई निवृत्त झाल्यात. नवरा गेला, मुली आपापल्या घरी.

"आई, आता अख्खं घर तुझंच! कुठवर आली कादंबरी?" धाकटीने फोनवर विचारलं.

"चाललंय की," कोऱ्या कागदाकडे बघत बाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी हॉलमधला टीव्ही मोठ्याने लावला, नुसतं पाणी घालून गॅसवर कुकर चढवला आणि पुन्हा टेबलाशी येऊन बसल्या. कुकरने शिट्टी दिली.



"अरे, जरा लिहू द्याल का मला?" बाई रिकाम्या घरावर खेकसल्या, आणि त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं.