निळ्या काठाचे प्याले

समुद्रापलीकडच्या ज्या मोठ्या साहेबानं हे खोकं पाठवलं, त्यानं सोनूबाईला फसवलं. चोरून नाही, ढळढळीत उजेडात. वर टपालाचे शिक्के मारून फसवलं.

खोकं बंगल्याच्या सैपाकघरात उघडून ठेवलं होतं. आत भुसा, आणि भुशात अंगठ्याएवढे काचेचे प्याले. काहींना निळा काठ, बाकीचे साधे.

"सोनूबाई, येत्या रविवारी प्रभुभोजनास हे वापरावयाचे," पाद्रीसाहेब म्हणाले. "सर्वांनी एकाच प्याल्यातून पिण्याने रोग पसरतात." पाद्रीसाहेबांचं मराठी बायबलातलं होतं. बारा वर्षं जाफराबादच्या रस्त्यावर सायकल हाणली, पण त्याला इथली धूळ काही लागली नाही.

"अन् निळा काठ कुणाला?"

"पुढील बाकांसाठी."

हे ते मडमबाईंकडं बघून म्हणाले. मडमबाई खिडकीबाहेर बघत होत्या. खिडकीबाहेर एक शेळी होती.

सोनूबाईनं प्याले धुवायला घेतले. बारा वर्षं तो एकच चांदीचा प्याला पाद्रीसाहेबांच्या ओठापासून तिच्या ओठापर्यंत फिरत आला होता. कुणाला साधा खोकला झाला नव्हता. रोग आत्ता गावात आला होता आणि त्याचं नाव रामराव पाटील होतं.

गावची निम्मी काळी जमीन रामरावाची. मडमबाईंच्या औषधानं त्याचा पोरगा वाचला, तेव्हापासून तो येशूकडं वळला होता. येत्या रविवारी घरादारासकट बाप्तिस्मा घेणार होता. अट एवढीच, की सोनूबाईच्या आळीच्या उष्ट्याला तोंड लावणार नाही, आणि त्यांची भांडी आपल्या भांड्यांत मिसळू देणार नाही. तिकडच्या मोठ्या साहेबाचं म्हणणं होतं, बारा वर्षांत सात घरं आली, तीही एकाच आळीची. असंच चालायचं असेल तर मिशन बंद करा आणि बायकापोरांसकट परत या. रामराव आला तर अर्धं गाव येणार होतं. पाद्रीसाहेबांनी अट कळवली. साहेबानं प्याले पाठवले. इतकं सरळ.

सोनूबाईची आळी छप्पन साली बुद्धाकडं गेली. मागाहून तीच पहिली येशूकडं आली, तेव्हा तिचा भाऊ कचरू म्हणाला होता, "सोने, देव बदलला का न्हाई ते मला सांगू नको. पाणवठा बदलला का ते सांग."

"बदलला," ती म्हणाली होती. "हितं पाद्री पेतो त्याच प्याल्यात मी पेते."

ह्या एका वाक्यावर तिनं बारा वर्षं आळीतले टोमणे झेलले होते. आता कचरूला खोक्याचं कळलं. तो दारात आला, पण आत आला नाही.

"काय गं, तुझ्या देवाला पाटलाची हवा लई जल्दी बाधली!"

ती बंगल्यात परत गेली.

"मडमबाई, तुमी काई बोला की सायबाला."

"काय बोलू? आम्ही परत गेलो तर रूथचं काय होईल?" मडमबाई म्हणाल्या. "तिला थंडीत बूट घालायचं माहीत नाही. ती स्वप्नातसुद्धा तुझ्यासारखी बोलते."

रूथ ही त्यांची एकुलती एक. ती जन्मली तेव्हा मडमबाई तापानं महिनोन् महिने शुद्धीवर नव्हत्या. डब्यातली दुधाची पावडर पोरीला पचेना. पाद्रीसाहेबांनी गुडघे टेकून देवाला हाक मारली आणि पोरगी जगली. तिकडच्या मिशनच्या मासिकात तो चमत्कार फोटोसकट छापून आला होता. वाचून लोकांनी ह्या बंगल्यावर पत्रे घालून दिले.

रविवारी चर्च भरलं. रामराव जरीचा फेटा बांधून पुढच्या बाकावर. त्याच्या शेजारी पांढऱ्या झग्यात रूथ. तिचंही आज पहिलं प्रभुभोजन. सोनूबाई मागं. तिनंच मनुका भिजवून, हातानं पिळून काढलेला रस दोन्ही ताटांतल्या प्याल्यांत होता. ते मात्र रामरावानं विचारलं नव्हतं.

बाप्तिस्मा झाला. पाद्रीसाहेबांनी निळ्या काठांचं ताट उचललं. रामरावानं प्याला घेतला. ताट रूथपुढं आलं.

"थांबा, सायेब."

सोनूबाई उठून उभी राहिली होती. रामरावानं मान वळवली.

"सोने, खाली बस."

"बसते की, पाटील. आधी जागा बराबर कळू द्या, मंग बसते." ती बाकांमधून पुढं आली. दारात कचरू उभा होता, तो कधी आला होता कुणाला ठाऊक. "सायेब, ह्या पोरीला निळ्या काठाचं देऊन राह्यले. तुमी गुडघे टेकून बसल्ते तवा ही माझ्या मांडीवर व्हती. सारा उन्हाळा मी तिला अंगावर पाजलं, मडमबाईच्या खाटेपाशी बसून. माझा सोताचा लेक संपत शेळीच्या दुधावर काढला. तुमच्या मासिकात जे छापलं, ते माझं दूध हाये."

रामरावानं भरला प्याला बाकावर ठेवला आणि रूथपासून हातभर सरकला. मडमबाई आज खिडकीकडं बघत नव्हत्या.

"ह्या घराला माझा विटाळ बारा वर्षांपूर्वीच झाला, सायेब. देव बाटला न्हाई. मंग आता सांगा. पाटलाच्या देखत सांगा. पोरीला कोणता प्याला देता?"