मुरवलेलं मटण

उद्या अकोल्याच्या दवाखान्यात इंद्रभानची जीभ काढणार होते. त्याआधी त्याला हवं ते खाऊ घालायचं, असं बायकोने, जनकाबाईने, ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या कोणी पुरणपोळी मागितली असती, झणझणीत रस्सा मागितला असता. याने मागितलं भलतंच.

"रेणुका तिकडं हॉटेलात बनवते ना, थेच पायजे मले."

रेणुका त्याची लेक. पुण्याच्या एका हॉटेलात चायनीज बनवायची. ते तिच्या हातचं बापाने कधीच खाल्लं नव्हतं. निरोप मिळाला तशी ती रातोरात निघून चिखलीला येऊन उतरली, पिशवीत सोयासॉसची बाटली घेऊनच.

म्हशीचं मटण तिने आडवं, अगदी पातळ कापलं. तसं कापलं की ते चिवट लागत नाही. सोयासॉस, आलं-लसूण, चिमूटभर साखर, थोडा कॉर्नफ्लॉवर चोळून तिने पातेलं झाकून ठेवलं. मिरची नाही, डॉक्टरांनी तिखट बंद केलं होतं. मग ती कांद्याची पात आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली.

ती परत आली तेव्हा इंद्रभान खुर्ची ओढून ओट्याजवळ बसला होता. कढईतलं तेल धुरावलं, मटण पडलं, चर्र झालं. रेणुकाने मनगटाच्या झटक्याने ते वर उडवलं, झेललं, पुन्हा उडवलं. बापाची नजर तिच्या हातावरून हलत नव्हती. बघता बघता तिने गॅस बंदसुद्धा केला.

"शिजलं बी?" जनकाबाईला खरंच वाटेना. "आपलं तं कुकरात किती येळ लागते!"

इंद्रभान सावकाश जेवला. बारीक घास, मध्ये पाण्याचा घोट. ताट साफ केलं आणि म्हणाला, "लय झक्कास झालं." जनकाबाईने डोळ्यांना पदर लावला. तो खात नाही म्हणून बाई किती दिवस झुरत होती. ताट उचलून ती बाहेर नळावर घासायला गेली.

रेणुकाने कढईतला एक तुकडा तोंडात टाकला आणि लगेच थुंकला. नुसतं मीठच मीठ.

"आई, मीठ टाकलं का तू याच्यात?" तिने दारातून विचारलं.

"मंग? तू इसरलीच होती," नळावरून उत्तर आलं. "हळद-मीठ लावल्याबिगर मटण मुरते का कुठी? चांगलं हात भरून लावलं."

सोयासॉस आधीच खारट असतो, हे तिला कोण सांगणार? रेणुकाने वळून बापाकडे पाहिलं.

"हळू," तो म्हणाला. "चव कवाचीच गेली, पोरी. तिखट नाही, मीठ नाही. जीभ नाही थे, लाकूड हाय. पण मायले सांगू नको. बिचारी रोज इचारते, आज काय रांधू म्हणून."

"मंग मले काऊन करायले लावलं, बाबा?"

"तुले रांधताना पाह्याचं होतं. लय आयकलं होतं, पाह्यलं कुठी होतं?"

रेणुकाला रडू आवरेना. तेवढ्यात जनकाबाई घासलेलं ताट घेऊन आत आली. कित्येक दिवसांनी तिच्या तोंडावर हसू होतं.

"मले बी वाढ थोडं. पाहू तं खरं, असं काय हाय त्याच्यात."

रेणुकाने कढई झटकन आपल्याकडे ओढली आणि उभ्या उभ्याच खायला लागली. घास घशाखाली उतरत नव्हता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती थांबली नाही. कढई रिकामी केली तेव्हाच तिने मान वर केली.

"पाहा हो इची खादाडी," जनकाबाई नवऱ्याला कौतुकाने म्हणाली. "मायसाठी एक बोटी ठेवली नाही."