नेहमीचं माप

सत्काराला घालायचा कोट अंगावर चढवून साहेब आरशात स्वतःवरच खूश होत होते. ओठांत टाचण्या धरून मी बाही बसवत होतो. पडद्यामागे लेकीचं शिलाईमशीन चालू होतं. “पोरगी नवऱ्याला सोडून आली म्हणे, मास्तर? खोट असलेला माल परत येतोच.” मशीन थांबलं. “बोला की. मिठाची गुळणी धरलीय का?” भांडायला माझी जीभ कधीच वळत नाही. मी ओठांतली एकेक टाचणी काढून मनगटावरच्या टाचण्यांच्या उशीत खोचली. मग साहेबांच्या पोटाला टेप लावून लेकीला मोठ्याने सांगितलं, “बाळ, लिही. पोट चव्वेचाळीस.” बाकावरची गिऱ्हाइकं वळली. साहेबांनी पोट आत ओढलं. “अडतीस. वीस वर्षं तेच आहे.” “अडतीस तुमच्या समाधानासाठी सांगायचो, साहेब. कापड पोटाकडे बघूनच बेतायचो.” पडद्यामागून लेकीने विचारलं, “बाबा, श्वास रोखून की सोडून?”